संशयाचं झाड

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी तिथं सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. पुढं लोक त्याला समर्थ रामदास म्हणू लागले आणि गावही जांब समर्थ झालं. त्याची एक गोष्ट मराठी घरात वाढलेल्या जवळपास प्रत्येकानं ऐकलेली असते. बारा वर्षांचा नारायण जवळच्याच आसनगावला बोहल्यावर उभा होता, समोर अंतरपाट होता, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि पोरगा मांडवातून पळाला.

दंतकथेत खरं किती आणि सजवलेलं किती, हा वाद राहू द्या. मला त्यातला फक्त एक शब्द हवाय. सावधान म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन. आपण मात्र तो शब्द धोक्याच्या पाटीवर लिहितो. ‘सावधान, पुढे वळण आहे.’ लक्ष देणं आणि धोका हेरणं या दोन गोष्टी आपल्या भाषेनं एकाच शब्दात बांधून टाकल्यात. बहुतेकांच्या बाबतीत वळण गेलं की सावधपणाही जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो जात नाही.

अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. शेजारचे खिडकीतून आपल्यावरच नजर ठेवतात. चहाच्या टपरीवर दोघं हसले ते आपल्यालाच. भावजयीनं भाजीत काहीतरी कालवलंय. फोन कुणीतरी ऐकतंय. घरचे आधी समजावतात, मग चिडतात, मग ‘याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून गप्प बसतात. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अशा खोट्या पण न हलणाऱ्या समजुतीला ‘संभ्रम’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात संभ्रम म्हणजे नुसता गोंधळ, आणि या माणसांच्या मनात तर गोंधळ अजिबात नसतो, असते ती पक्की खात्री. म्हणून मी इथं सरळ डिल्यूजन म्हणतो किंवा जुना, सोपा ‘भ्रम’.

या भ्रमाबद्दल जांबच्या त्या पोरानं मोठेपणी लिहून ठेवलंय. दासबोधाच्या दहाव्या दशकातल्या सहाव्या समासाचं नावच ‘भ्रमनिरूपण’. ओवीमागून ओवी भ्रमाचे नमुने येतात. काचेच्या जमिनीवर पाणी असल्यासारखं वाटतं, तसलेच साधे, रोजचे. त्यात एक झाडाचा आहे. माणूस झाड बघतो, त्याच्या मनाला वाटतं की कुणीतरी आलं, आणि तो विनाकारण दचकतो.

रामदासांना मानसशास्त्रज्ञ ठरवायची हौस मला नाही. त्यांना सांगायचं होतं की ब्रह्म खरं आणि दिसतं ते सगळं भ्रम. त्या ओघात हे नमुने येतात. पण नमुना निवडणाऱ्याची नजर पक्की आहे. झाड दिसणं, ‘कुणीतरी आलं’ वाटणं आणि दचकणं हे सगळं एका क्षणात होऊन जातं, आणि ‘अरे, हे तर झाड’ ही तपासणी नंतर येते. घाबरणं पहिलं, बघणं नंतर. वेदान्तातला दोरीचा साप याच जातीचा आहे. अंधारात दोरी बघून कुणाला ती फुलांची माळ वाटत नाही, साप वाटतो. चूक करायचीच तर मन धोक्याच्या बाजूनं करतं.

आणि त्या काळात तसं करणंच शहाणपणाचं होतं. रामदासांच्या तरुणपणी, १६३० ते १६३२ या काळात, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गावं ओस पडली, फौजा याच मुलखातून येत-जात होत्या. संध्याकाळी बांधावर उभं असलेलं काहीतरी खरोखर माणूस असू शकत होतं आणि तो माणूस लुटारू असू शकत होता. झाडाला चोर समजलं तर चार घटका छाती धडधडेल. चोराला झाड समजलं तर जीव जाईल. जे दचकले ते वाचले. त्यांचेच वंशज आज रात्री एकच्या सुमारास जिन्यात आवाज आला की मोबाईलचा टॉर्च लावतात.

टॉर्च लावला की बहुतेकांना मांजर दिसतं आणि ते झोपायला जातात. काही जणांचं झाड मात्र जवळ गेल्यावरही झाड होत नाही. किंवा ते जवळ जातच नाहीत.

अशा माणसांसाठी एकेकाळी जालन्यात रुग्णालय होतं. आजच्या जालन्यातल्या कॉलेजच्या पोरांना विचाराल तर ते स्टील सांगतील, बियाणं सांगतील, मोसंबी सांगतील, ‘जालना सोने का पालना’ ही म्हणही ऐकवतील. हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय या गावात होतं, हे सहसा कुणाच्या गावीही नसतं. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे जालन्यावरून जायची. राजधानीत नको असलेली माणसं ठेवायला राज्याच्या टोकाचं गाव सोयीचं पडतं, ही रीत त्या काळात जगभर होती. वेड्यांची इस्पितळं गावाबाहेर, भिंतीआड, शक्य तितकी लांब. कायदाही तसाच होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ चा ‘लुनसी अ‍ॅक्ट’ होता आणि त्याचा भर माणसाला बरं करण्यापेक्षा त्याला कसं आणि कुणाच्या हुकुमानं कोंडायचं यावर होता.

या रुग्णालयाचा विचार करताना मला १९४८ हे साल सोडवत नाही. १९४७ च्या ऑगस्टपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाड्यातल्या गावांनी रझाकारांची दहशत पाहिली. लोक घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडे गेले. मग सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांना जिवाची भीती वाटावी असे दिवस आले. आता कल्पना करा, त्या वर्षात एखादा माणूस डॉक्टरसमोर बसून सांगतोय की ते लोक मला मारायला येणार आहेत. हा आजार की बातमी? वाक्यावरून कळणार नाही. त्याचं गाव कोणतं, त्याच्या घरच्यांचं काय झालं, धोका टळल्यावरही तो तेच म्हणतो का, हे बघावं लागेल. भीती खोटी आहे हे ठरवायला आधी खऱ्या भीतीचा हिशेब मांडावा लागतो. मनोविकाराची पुस्तकं हे नियम म्हणून सांगतात. मराठवाड्यासाठी ती घरातलीच गोष्ट होती.

१९५३ साली रुग्णालय जालन्याहून हैदराबादच्या एरागड्डा भागात हललं. आजही ते तिथंच आहे. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे रुग्णालय तिकडं गेलं आणि माणसं इकडं आली. पुढची कित्येक दशकं इथल्या घरांना गंभीर रुग्णासाठी सरकारी मनोरुग्णालय म्हणजे पुण्याचं येरवडा किंवा मग नागपूर. जालन्याहून पुणं जवळपास तीनशे किलोमीटर. ज्याला एसटीतले सगळे प्रवासी आपल्याच पाळतीवर आहेत असं वाटतं, त्याला घेऊन तीनशे किलोमीटर जायचं.

गंमत म्हणा की दैव, जालन्याचं रुग्णालय हललं त्याच सुमारास या आजारांवरच्या उपचारांचा इतिहास वळत होता. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना द्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं न हटणारे भ्रम पहिल्यांदाच औषधानं सैल पडताना दिसले. ते नेमकं काय करतं हे कळायला बराच काळ गेला. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम ते अडवतं. मग प्रश्न उरला की डोपामिनचा आणि ‘शेजारी माझ्यावर नजर ठेवतात’ या वाक्याचा संबंध काय?

याचं मला सर्वात पटलेलं उत्तर २००३ साली शितिज कपूर या भारतात शिकलेल्या मनोविकारतज्ज्ञानं दिलं. ते तेव्हा टोरांटोत होते. ते असं : डोपामिन मेंदूत एक शिक्का मारतं. ‘हे महत्त्वाचं आहे, इकडं बघ.’ भुकेल्याला भाकरी दिसली की शिक्का, रस्त्यात साप दिसला की शिक्का. आजारात हा शिक्का कुठंही पडायला लागतो. समोरच्याचा खोकला, लाल रंगाची गाडी, बातमी वाचणाऱ्या बाईचा एक शब्द, सगळ्यावर ‘महत्त्वाचं’ असा ठसा. माणूस बिचारा महिनोन् महिने बुचकळ्यात असतो की या सगळ्याचा माझ्याशी काय संबंध. आणि एके दिवशी त्याला उत्तर सापडतं. ते माझ्या मागावर आहेत! भ्रम म्हणजे त्या न सुटणाऱ्या कोड्याचं त्यानं स्वतः शोधलेलं उत्तर. म्हणून तो सोडवत नाही. घरच्यांना तो आजाराची सुरुवात वाटतो, त्याला मात्र कोडं सुटल्यासारखं वाटतं.

त्याआधी, १९५८ मध्ये, क्लाउस कॉनराड या जर्मन डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिक-रुग्णांच्या अभ्यासावरून जवळपास हेच टप्पे मांडले होते. पहिल्या टप्प्याला त्यानं नटाच्या भाषेतला शब्द दिला. रंगमंचावर जायच्या आधीची ती धडधड. काहीतरी होणार आहे, काय ते माहीत नाही, आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत.

इथवर सगळं रुग्णाच्या सांगण्यावर चाललं होतं. लक्ष खरंच धोक्याकडं जातं का, हे मोजायची युक्ती १९८९ मध्ये रिचर्ड बेंटॉल आणि सू केनी या ब्रिटिश संशोधकांनी वापरली. युक्ती जुनी, १९३५ ची, स्ट्रूप नावाच्या अमेरिकन माणसाची. लाल शाईत ‘निळा’ असा शब्द लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा. जीभ अडखळते, कारण शब्द वाचू नको म्हटलं तरी डोळे वाचतातच. बेंटॉल-केनींनी रंगांच्या नावांऐवजी धमकीचे शब्द घातले. समजा हिरव्या शाईत ‘पंखा’ आणि हिरव्याच शाईत ‘विष’. रंग तोच. पण ‘लोक माझ्या वाईटावर आहेत’ असा भ्रम असलेले रुग्ण धमकीच्या शब्दावर जास्त अडखळले. विष शब्दानं त्यांचं लक्ष धरून ठेवलं होतं. सेकंदाच्या छोट्याशा भागाचा हा फरक, पण दिवसभरात असे किती शब्द आणि किती चेहरे समोर येतात, याचा हिशेब करा.

म्हणजे संशयी माणूस धोका टक लावून बघत बसतो, असं आपण धरून चालू. नव्वदच्या दशकात लंडनच्या मेरी फिलिप्स आणि अँथनी डेव्हिड यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र लावलं आणि हे धरून चालणं अडचणीत आलं. २००० सालच्या त्यांच्या एका अभ्यासात रुग्णांना अशीही चित्रं दाखवली ज्यांत काय चाललंय ते नीट कळत नाही, धोका आहेही आणि नाहीही. ज्या भागात धोका असू शकत होता तिथं भ्रम असलेल्या रुग्णांनी इतरांपेक्षा कमी वेळ बघितलं. आणि तरी धोका त्यांना दिसला, साध्या, निरुपद्रवी जागी. वर्षभरात, २००१ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मेलिसा ग्रीन आणि सहकाऱ्यांनी आजारी नसलेल्या, फक्त भ्रमाकडं कल असलेल्या लोकांची परीक्षा घेतली. धोका दाखवणारे चेहरे ओळखायला त्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागला.

शब्द असेल तर लक्ष अडकतं, चेहरा असेल तर नजर निसटते. हे परस्परविरोधी वाटतं, पण बांधावरच्या त्या माणसाला आठवा. त्याचं लक्ष झाडानं एका क्षणात खेचून घेतलं, आणि लगेच त्यानं मान फिरवून धूम ठोकली. तो झाडाकडं जास्त बघत नाही. तो फार कमी बघतो. गावात येऊन शपथेवर सांगेल की बांधावर माणूस उभा होता, कारण पुन्हा बघायला तो थांबलाच नाही. माझ्या मते संशयी मनाबद्दलची आपली सगळ्यात मोठी गैरसमजूत इथं आहे. आपल्याला वाटतं ते फार खोलात बघतं. ते उथळ आणि घाईचं बघतं. सगळ्याच अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, या शाखेत वाद चालू आहेत, पण घाईचा पुरावा दुसऱ्या बाजूनंही येतो.

तो प्रयोग १९८८ चा आहे, हक, गॅरेटी आणि हेम्सली यांचा. मूळ प्रयोगात काचेच्या बरण्या आणि रंगीत मणी होते. जालन्याचा विषय आहे तर आपण मोसंबी घेऊ. दोन क्रेट. एकात ८५ मोसंबी आणि १५ संत्री, दुसऱ्यात उलट. दोन्ही झाकलेले. एका क्रेटमधून एकेक फळ काढून तुम्हाला दाखवतात. हवी तितकी बघा आणि मग सांगा, क्रेट कोणता? बहुतेक लोक चार-पाच फळं तरी बघतात. भ्रम असलेल्यांपैकी अनेक जण एका-दोन फळांतच ठाम उत्तर देतात. उत्तर बरोबरही येऊ शकतं, हे लक्षात घ्या. दोष बुद्धीत नाही. दोष इतकाच की आणखी दोन फळं बघायची गरजच वाटत नाही.

आणि ‘ते’ विरुद्ध ‘आपण’ अशी रेघ इथं मारता येत नाही. १९९९ मध्ये इमॅन्युएल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. लोक तुमच्याबद्दल आडून बोलतात असं वाटतं का, टीव्हीवर खास तुमच्यासाठी निरोप असतो असं वाटतं का, अशा धर्तीचे ४० प्रश्न. निरोगी लोकांतले दहापैकी साधारण एक जण रुग्णांच्या सरासरीपेक्षाही जास्त प्रश्नांना ‘हो’ म्हणाला. फरक होता तो किती पक्कं वाटतं, किती वेळ डोक्यात घोळतं आणि किती त्रास होतो यात. २००८ मध्ये डॅनियल फ्रीमननं २०० सामान्य लंडनकरांना डोळ्यांवर यंत्र चढवून कॉम्प्युटरनं बनवलेल्या मेट्रोच्या डब्यात चार मिनिटं फिरवलं. डब्यातली पात्रं मुद्दाम कोऱ्या चेहऱ्याची केली होती. बऱ्याच जणांना ती छान वाटली किंवा काहीच वाटलं नाही. पण चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांच्या मनात थोडा तरी संशय आला. तोच डबा, तीच पात्रं. जालना-संभाजीनगर लाल डब्यात यापेक्षा कमी निघेल असं मला वाटत नाही.

आता हीच घाई एकट्या माणसाची न राहता गावाची झाली तर? मराठवाड्यात तिला नाव आहे. भानामती. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, बाया जनावरासारखे आवाज काढतात. पुस्तकातल्या व्याख्येनुसार हा डिल्यूजन नाही, कारण जी समजूत सगळं गाव मानतं ती एकट्याचा आजार ठरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, भानामती मानणाऱ्या आजीला कुणी मनोरुग्ण म्हणू नये. पण पावलं ओळखीची वाटतील. आधी घडतं काहीतरी न कळणारं आणि घाबरवणारं. मग ‘कुणीतरी केलंय’ हे उत्तर. मग ते ‘कुणीतरी’ शोधायची घाई. आणि एकदा नाव ठरलं की बघणं संपलं. नाव बहुतेकदा एकट्या बाईचं, विधवेचं किंवा ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे त्याचं निघतं, हा योगायोग नसतो.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन जे केलं ते बघण्यासारखं आहे. ते मांत्रिकासारखं नाव सांगत नसत. ते बसायचे, घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचे, कपडे कधी पेटले आणि तेव्हा कोण कुठं होतं ते पुन्हा पुन्हा विचारायचे. बहुतेक वेळा शेवटी घरातलंच कुणीतरी सापडायचं, फार कोंडलेलं, फार गप्प, बहुधा नवी सून किंवा वयात येणारी मुलगी. तिला गावासमोर उभं करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. क्रेटमधलं दुसरं, तिसरं, दहावं फळ काढून बघणं म्हणतात ते हेच.

२० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याची अनुसूची वाचा, ती मराठी भीतीची यादीच आहे. अमुक माणूस करणी करतो, मंत्र घालून जनावराचं दूध आटवतो, सैतान आहे, असं पसरवणं हा गुन्हा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, चटके देणं हाही गुन्हा. म्हणजे एका बाजूला संशयाचा बळी आहे आणि दुसऱ्या बाजूला संशयानं आजारी पडलेला माणूस, आणि कायद्यानं दोघांना एकाच छत्रीखाली घेतलं.

जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथं मोठी यात्रा भरते आणि ‘बाहेरचं’ झालेल्या माणसांना घेऊन घरचे लांबून येतात. या लोकांना हसणं सोपं आहे. तीनशे किलोमीटरवर येरवडा, तासा-दोन तासांवर सैलानी. तिथं कुणी माणसाला भिंतीआड टाकत नाही, घरचे सोबत राहतात, खर्च झेपतो. पण भ्रमावर औषध सुरू व्हायला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड, हेही तितकंच खरं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळदंडानं बांधलेले होते. पंचवीसहून जास्त माणसं होरपळून गेली.

काळाबरोबर भ्रमातला खलनायक बदलतो, हीसुद्धा एक मजेशीर आणि दुःखी गोष्ट आहे. १८१० मध्ये लंडनच्या बेथलेम इस्पितळातल्या जेम्स टिली मॅथ्यूज या रुग्णाला वाटायचं की हवेच्या लाटा सोडणाऱ्या एका यंत्रानं टोळी त्याचं मन चालवते. तेव्हा नवनवीन यंत्रांचा जमाना होता. मग रेडिओ आला, टीव्ही आला, आता सीसीटीव्ही आणि मोबाईल. आपल्याकडं करणी गेली नाही, तिच्या शेजारी हॅकिंग येऊन बसलं. आणि इथं एक नवी अडचण आहे. फोन खरोखरच आपल्याबद्दल माहिती गोळा करतो. चपलांबद्दल बोललो आणि चपलांची जाहिरात आली, हा अनुभव सांगणारे मित्र तुम्हालाही असतील. १९४८ मधल्या डॉक्टरपुढं होता तोच प्रश्न, आता खिशात.

फोन आणखी एक काम करतो. तो दिवसभर झाडं दाखवतो आणि म्हणतो, बघ, कुणीतरी आलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावात, साक्री तालुक्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी ही माणसं बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हिडिओ त्याआधी कितीतरी दिवस फिरत होते. बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच मारलं. त्या जमावात कुणी मनोरुग्ण होता असं म्हणायला काडीचा आधार नाही, आणि असा आजार असलेली माणसं इतरांवर हल्ला करण्यापेक्षा स्वतः मार खाण्याचीच शक्यता जास्त असते. तो जमाव आपल्यासारख्यांचाच होता. ती पाच माणसं ओळखपत्रं दाखवू शकली असती, गावाला फोन लावता आला असता, पोलीस येईपर्यंत थांबता आलं असतं. दुसरं फळ काढून बघायला कुणी तयार नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीलाही उपाय सुचला तो एवढाच, थोडा उशीर करा.

आजारावरच्या उपचारातही हा उशीर, हे सावकाश बघणं, अलीकडं मध्यभागी आलंय. फ्रीमनच्या गटानं ऑक्सफर्डमध्ये १३० रुग्णांवर एक उपचार तपासला आणि २०२१ मध्ये निकाल छापले. हे लोक वर्षानुवर्षं औषधं घेत होते, भ्रम तरी गेला नव्हता. उपचार करणारे ‘तुमचं चुकतंय’ असं म्हणत बसले नाहीत. भ्रम खोटा ठरवायला गेलं की माणूस आणखी आत जातो, हा अनुभव कुठल्याही घराला असतो. त्यांनी झोप सुधारली, सतत काळजी करत बसणं कमी केलं आणि मग रुग्णासोबत त्याच दुकानात, त्याच बसमध्ये गेले ज्याची भीती होती. मान खाली न घालता, गॉगल न लावता, पळायची वाट शोधून न ठेवता. फक्त बघायचं, काय होतं ते. साधारण निम्म्या रुग्णांचा भ्रम इतका सैल झाला की तो आता पक्का राहिला नाही. निम्म्यांचा नाही झाला, हेही त्याच निकालात आहे.

यासाठी माणूस लागतो, सोबत दुकानापर्यंत चालत जाणारा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडं गंभीर मानसिक आजार असलेल्या चारपैकी जवळपास तिघांना उपचारच मिळत नाहीत. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळानं जालन्यात ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला मान्यता दिली. १९५३ मध्ये जे गेलं ते सत्तर वर्षांनी कागदावर परत आलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा सुरू झाली. तिचा नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि ज्याला त्रास आहे त्यानंच फोन करायला हवा असं नाही. घरातल्या कुणालाही करता येतो.